तालमीतला नवशिका

कोल्हापूरच्या तालमीत नव्या पोराला पहिल्याच दिवशी कुस्ती मिळत नाही. लंगोट कसायचा, मारुतीला हात जोडायचे आणि खोरे घेऊन हौद्यातली तांबडी माती उकरायची. मग जोर-बैठका. डाव त्यानंतर, वस्तादांच्या मर्जीने.

राजर्षी शाहू महाराजांनी या तालमींना आणि मल्लांना आश्रय दिला. १९१२ साली खासबाग मैदान उभे राहिले. पण कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडन ऑलिंपिकला गेले, तेव्हा तिथली कुस्ती मॅटवरची होती. मातीत मुरलेला हा मल्ल मॅटवर नवखाच. सहावा क्रमांक आला. ते खचले नाहीत; पुन्हा शिकायला लागले.

१९५२ साली हेलसिंकीला जायचे, तर पैसे नव्हते. लोकांनी वर्गणी दिली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर आपले घर गहाण ठेवले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

नव्या पोराच्या हाती पहिल्या दिवशी खोरे का देतात, हे इथे कळते. मोठेपणा दाराबाहेर ठेवून पुन्हा नवशिका होता येणे, हाच तालमीतला पहिला डाव.