मानवतावादाचं गोत्र

कुठे भूकंप झाला, पूर आला की वर्तमानपत्रांतून 'मानवतावादी मदत' रवाना होते. ब्लँकेटं, औषधं, तांदूळ. मानवतावाद म्हणजे माणुसकी, अशी आपली सोयीची समजूत. पण या शब्दाचं कूळ धुंडाळलं तर करुणेचा आणि त्याचा घरोबा बराच उशिराचा निघतो. एका पिढीत तर दोघांची चक्क भाऊबंदकी होती.

पंधराव्या शतकाच्या अखेरीस इटलीतल्या विद्यापीठांत कायदा शिकवणारा तो 'लेजिस्ता'. त्याच चालीवर व्याकरण, वक्तृत्व, काव्य, इतिहास आणि नीतिशास्त्र शिकवणाऱ्याला विद्यार्थी 'उमानिस्ता' म्हणू लागले. ही मंडळी बहुतेक श्रद्धाळू ख्रिस्तीच. देवाशी त्यांचं वाकडं नव्हतं, त्यांना सिसेरोचं लॅटिन हवं होतं.

त्यातला 'वाद' उपजला १८०८ मध्ये, जर्मनीत, आणि तोही शाळेच्या अभ्यासक्रमावरून. फ्रीडरिश नीटहामर या बव्हेरियातल्या शिक्षणाधिकाऱ्याने 'हुमानिस्मुस' हा शब्द पुढे आणला तो ग्रीक-लॅटिनचं शिक्षण वाचवण्यासाठी. मुलांना आधी उपयोगी विद्या द्या, असं म्हणणारा पक्ष समोर होता. गंमत अशी, की त्या पक्षाचं नाव 'मानवप्रेम' अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून पडलेलं. आपल्या मथळ्यांत एकाच नावाने नांदणारे हे दोघे तिथे वादी-प्रतिवादी होते!

ईश्वराचा हवाला न देता नीती उभी करायची, हा अर्थ शब्दाला पुढच्या शतकभरात चिकटला. १९३३ मध्ये अमेरिकेत 'ह्युमॅनिस्ट मॅनिफेस्टो' निघाला. कलमं १५, सह्या ३४, त्यांत तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांची एक. विश्व कुणी घडवलेलं नाही, हे पहिल्याच कलमात सांगून टाकलेलं. तरीही सही करणाऱ्यांत युनिटेरियन धर्मोपदेशक पुष्कळ होते आणि जाहीरनामा स्वतःला धर्मच म्हणवत होता. सोवळं सोडलं, पण पाटावरून उठवेना.

उठले ते मानवेंद्रनाथ रॉय. मूळचे नरेंद्रनाथ भट्टाचार्य. १९१६ मध्ये अमेरिकेत इंग्रजांच्या हेरांना चुकवताना त्यांनी हे नाव घेतलं. 'मानव' नावात आधी आला, विचारात तीस वर्षांनी. मधल्या काळात मेक्सिको, लेनिनचा सहवास, कोमिंटर्न या कम्युनिस्टांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेतून हकालपट्टी, १९३१ मध्ये मुंबईत अटक आणि १९३६ पर्यंत तुरुंग. दुसऱ्या महायुद्धात फॅसिझमचा पाडाव आधी, असं म्हणत त्यांनी 'चले जाव'ला विरोध केला. त्याची किंमत १९४६ च्या निवडणुकीत त्यांच्या रॅडिकल डेमोक्रॅटिक पक्षाने पुरेपूर मोजली.

हरलेला पक्ष सहसा खापर फोडायला डोकं शोधतो. हा पक्ष त्याच डिसेंबरात मुंबईत तत्त्वचर्चेला बसला आणि २२ सूत्रं घेऊन उठला. माणूस नियमबद्ध सृष्टीतूनच घडला, म्हणून विवेक त्याच्या अंगचा आहे. नीती त्या विवेकातून येते, तिला स्वर्ग-नरकाचा धाक लागत नाही. आणि राष्ट्र असो की वर्ग, समूहाच्या नावावर व्यक्तीचा बळी द्यायचा नाही. हे शेवटचं एका जुन्या कम्युनिस्टाने लिहावं, यातच त्याचं वजन आहे. सत्तेसाठी झगडणारा पक्ष या सूत्रांत बसेना, तेव्हा १९४८ मध्ये कलकत्त्याला त्यांनी पक्षच विसर्जित केला. असं दुसरं उदाहरण मला तरी चटकन आठवत नाही.

१९५२ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला जगभरच्या मानवतावादी संघटनांचा महासंघ स्थापन झाला. रॉय उपाध्यक्ष निवडले गेले, पण गैरहजेरीत. जूनमध्ये मसुरीच्या डोंगरवाटेवरून कोसळून ते जायबंदी झाले होते. १९५४ च्या जानेवारीत डेहराडूनला ते गेले.

त्यांच्या सोबत्यांत सासवडचे वि. म. तारकुंडे होते आणि वाईच्या प्राज्ञपाठशाळेचे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशीही. शास्त्रीबुवा अशा कंपूत कसे, असं पुष्कळांना वाटे. मला त्यात नवल वाटत नाही. न्यायशास्त्रावर पोसलेल्या माणसाला 'याला प्रमाण काय?' हा प्रश्न रॉय यांच्याकडून उसना घ्यावा लागला नसणार.