दिव्यांग मुलांचा शिक्षणाचा हक्क: तिरुविडैमरुदूर तालुक्यातील पालकांसाठी माहिती

“याला विशेष शाळेत घाला,” असे सांगून शाळेने प्रवेश नाकारला, तर पालकांनी तिथेच थांबू नये. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ संपूर्ण देशात लागू आहे. तंजावर जिल्ह्यातील मराठी भाषिक कुटुंबांनाही त्याचा लाभ मिळतो.

हक्क कोणते?
• कलम ३१: ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व प्रमाणित असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षण. शाळेची निवड मुलाची व पालकांची.
• कलम १६: भेदभाव न करता प्रवेश, वापरता येण्याजोगी इमारत, गरजेनुसार साहाय्य आणि वाहतुकीची सोय. या कलमात टक्केवारीची अट नाही.
• कलम १७: परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असल्यास १८ वर्षांपर्यंत पुस्तके व साहाय्यक साधने मोफत.

घरी तमिळ न बोलणाऱ्या दिव्यांग मुलाला भाषेचा विषय जड जात असेल, तर कलम १७ मधील सवलतीची शाळेकडे लेखी मागणी करावी.

योजनेतून काय मिळते?
समग्र शिक्षा योजनेत दिव्यांग विद्यार्थ्यामागे वर्षाला ३,५०० रुपयांपर्यंत तरतूद आहे. ही रक्कम साधने, वाहतूक अशा सोयींसाठी असते. दिव्यांग मुलींना दरमहा २०० रुपये, १० महिने विद्यावेतन मिळते. विशेष शिक्षकाची चौकशी गट साधन केंद्रात करावी.

काय करावे?
१. दिव्यांगत्व प्रमाणपत्र व यूडीआयडी कार्डासाठी स्वावलंबन संकेतस्थळावर अर्ज करावा.
२. प्रवेशाचा अर्ज लेखी द्यावा व पोच घ्यावी. नकार मिळाल्यास कारण लेखी मागावे.
३. त्यानंतर शिक्षण विभागाकडे आणि तंजावर येथील जिल्हा दिव्यांग कल्याण कार्यालयाकडे तक्रार करावी. तमिळमध्ये दिव्यांगांना ‘माट्रुत्तिरनाळी’ म्हणतात; कार्यालय शोधताना हाच शब्द सांगावा.
४.  तरीही दाद न मिळाल्यास राज्य दिव्यांग आयुक्तांकडे जाता येते.

तोंडी नकाराचा पुरावा राहत नाही. म्हणून प्रत्येक अर्जाची प्रत व पोच जपून ठेवावी.