तिकीट लावणारा गवई

जालंधरला पोस्टिंगवर असताना आमच्या युनिटच्या रेझिंग डेला मी एका गायकाला बोलावलं होतं. कार्यक्रम झकास झाला. शाल दिली, ट्रॉफी दिली, टाळ्या वाजवल्या. निघताना त्यांनी मला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, ‘मेजर साब, तबलेवाले का किराया?’ मानधनाचं बोलणंच झालं नव्हतं. त्यांनी संकोचानं विचारलं नाही, मला सुचलं नाही. पैसे नंतर दिले, पण तो प्रश्न अजून टोचतो.

कलावंतानं पैशाचं बोलायचं नाही, हा संकोच आला कुठून? तो मोडणाऱ्या माणसाची आज गोष्ट. पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर.

जन्म 1872, कुरुंदवाडचा. लहानपणी फटाक्यानं डोळे अधू झाले. शाळा सुटली आणि मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं सुरू झालं. मिरज संस्थानचा आश्रय होता, पोटापाण्याची चिंता नव्हती. पण असं सांगतात, की गावातल्या एका समारंभाचं आमंत्रण विष्णुबुवांना आलं आणि गुरूंना आलंच नाही. का? ते तर गवई! संस्थानिकाच्या मर्जीतला म्हणून शिष्याला मान, आणि गुरूला नाही. ही गोष्ट त्यांच्या मनाला लागली.

1896 मध्ये त्यांनी मिरज सोडली. फौजी भाषेत सांगायचं तर हा माणूस रसदीची लाइन स्वतःच तोडून पुढं निघाला. त्या काळी गाणं व्हायचं राजवाड्यात, देवळात नाहीतर धनिकांच्या बैठकीत. बिदागी यजमानाच्या मर्जीवर. बुवा बडोद्याहून सौराष्ट्रात गेले आणि तिथं त्यांनी माफक तिकीट लावून जाहीर कार्यक्रम केला. बदल छोटा दिसतो, पण नीट बघा. यजमान एक असला की त्याची मर्जी सांभाळावी लागते. दोनशे लोकांनी थोडे थोडे पैसे दिले, तर त्यातल्या एकाच्या रागानं चूल विझत नाही.

5 मे 1901 रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. दरबाराच्या तिजोरीवर नव्हे, लोकांच्या आधारावर. शाळेच्या खर्चासाठी ते शिष्यांना घेऊन गावोगाव कार्यक्रम करत. स्वतःचा कार्यक्रम स्वतः उभा करणं म्हणजे नुसतं गाणं नव्हे. जागा, तारीख, तिकीट, साथीदारांचा प्रवास, हिशेब, सगळं आपल्या डोक्यावर.

आता पराभवाचं पान. ते वगळलं तर इतिहास अर्धाच राहतो. 1908 मध्ये मुंबईत शाखा निघाली. पुढं मोठी इमारत उभी राहिली, ती कर्जावर. कार्यक्रमांची मिळकत महिन्यागणिक कमीजास्त व्हायची, व्याज मात्र थांबत नाही. 1924 मध्ये सावकारांनी मालमत्तेवर जप्ती आणली आणि वास्तू लिलावात गेली. दरबाराची मर्जी सुटली होती, तिच्या जागी सावकार आला. 1931 मध्ये बुवा मिरजेतच वारले.

मग ते हरले का? मला तसं वाटत नाही. इमारत गेली, पण ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर हे शिष्य उभे होते. त्यांनी जाहीर मैफिली गाजवल्या, शिकवलं, संस्था चालवल्या. गवयाला चारचौघांत मानानं बसता येऊ लागलं.

आज स्वतःचे कार्यक्रम स्वतः ठरवणाऱ्या तरुण कलावंतांना एवढंच सांगतो. मानधन, साथीदारांचं भाडं आणि आगाऊ रक्कम तारीख देण्याआधीच बोला, आणि लिहून घ्या. यात कलेचा अपमान नाही. आणि पुढच्या हंगामाच्या मिळकतीवर आज कर्ज काढू नका.

आणि आपण बोलावणारे? आपण तबलजीच्या भाड्याचं आधी विचारायचं. मी ते तेव्हा केलं नाही.

पुन्हा भेटू. जय हिंद.