तांबे हाती आले, तरी दगड का सुटला नाही?

१/ आर्णीजवळून वाहणाऱ्या अरुणावतीचे खोरे दख्खनच्या काळ्या बेसाल्टचे. या खडकाच्या पोकळ्यांत कॅल्सेडनी, म्हणजे गारगोटीच्या जातीचा कठीण दगड तयार होतो. महाराष्ट्रातील आद्य शेतकऱ्यांची पाती याच दगडाची.

२/ पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. या ताम्रपाषाणयुगीन गावात तांबे दुर्मिळ होते. रोजच्या कापणीची भिस्त दगडावरच राहिली. कारागीर दगडाच्या गाभ्यावर आधी नागमोडी कणा घडवीत. तो सुटला की समांतर धारांची पाती एकामागून एक निघत.

३/ नदीकाठी असे पाते दिसल्यास उचलू नका. थरातून सुटलेल्या पात्याचा काळ सांगणे कठीण होते. छायाचित्र व जागेची नोंद पुरातत्त्व विभागाला कळवा.