'क्रांती' या संज्ञेची दोन वळणे

राजकारणात येण्यापूर्वी 'क्रांती' ही संज्ञा ज्योतिषाची होती. सूर्याचा भासमान मार्ग ते क्रांतिवृत्त, आणि खगोलीय विषुववृत्तापासून ग्रहाचे कोनात्मक अंतर ती क्रांती. युरोपीय भाषांतील समानार्थी शब्दही आकाशातूनच उतरला. कोपर्निकसच्या १५४३ च्या ग्रंथाच्या शीर्षकात तो खगोलांच्या परिभ्रमणाचा वाचक आहे. १७८९ नंतर तो पूर्वस्थितीला परत न येणाऱ्या उलथापालथीसाठी रूढ झाला. त्या शब्दाच्या मुळाशी फिरणे आहे. 'क्रम्' या धातूत मात्र पाऊल टाकणे, ओलांडणे आहे. ही भिन्नता केवळ व्युत्पत्तीपुरती नाही. (हरितक्रांती, धवलक्रांती या सरकारी समासांनी शब्द बराच गुळगुळीत केला, तो भाग वेगळा.)

डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी त्या सभेची तुलना १७८९ च्या फ्रेंच राष्ट्रीय सभेशी केली. पुढे १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अपूर्ण हस्तलिखितात क्रांती ही प्राचीन भारतात घडून गेलेली घटना आहे: बौद्ध धर्माचा उदय ही क्रांती, ब्राह्मण्याचा विजय ही प्रतिक्रांती. मार्क्सवादी वापरात क्रांती पुढे यायची असते. येथे ती एकदा होऊन गेलेली, आणि पुन्हा प्रवर्तित करावयाची असते. १९५६ च्या नागपूरच्या दीक्षेला अनुयायी 'धम्मक्रांती' म्हणतात तेव्हा धम्मचक्राचे फिरणे आणि धर्माची सीमा ओलांडणे एकाच समासात येते.

हे दोन्ही अर्थ मुंबईच्या उपनगरांत शेजारी राहिले. १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक उभारणाऱ्यांपैकी एक असलेले अण्णाभाऊ साठे घाटकोपरच्या चिरागनगरात राहत. त्यांची 'फकिरा' (१९५९) ही कादंबरी आंबेडकरांच्या झुंजार लेखणीला अर्पण केलेली आहे. अण्णाभाऊंना मार्क्सवादी की आंबेडकरवादी या एकाच खणात बसवू पाहणारी समीक्षा ही अर्पणपत्रिका शिष्टाचार म्हणून बाजूला सारते. हा प्रमाद लहान नव्हे.

११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात, आंबेडकरांच्या पुतळ्याच्या विटंबनेनंतर जमलेल्या लोकांवर राज्य राखीव पोलिसांनी गोळीबार केला. दहा जण मृत्युमुखी पडले. चार दिवसांनी मुलुंडचे शाहीर विलास घोगरे यांनी आपले जीवन संपविले. डाव्या सांस्कृतिक चळवळीत गायलेल्या या शाहिराने अखेरच्या क्षणी कपाळाला निळे फडके बांधले होते. त्याला पक्षांतर म्हणणे उथळपणाचे ठरेल. ज्या 'क्रांती'साठी ते गात होते, तिच्यात हा निळा रंग आधीपासून होता की नव्हता, हा प्रश्न त्यांच्या गीतांच्या अभ्यासकाला टाळता येणार नाही.