‘ऑनर्स’: गर्दीच्या पोटातले छोटे महाविद्यालय

१८९९ साली रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे केंब्रिजच्या गणित ट्रायपॉसमध्ये संयुक्तपणे पहिले आले आणि ‘सीनियर रँग्लर’ हे बिरूद मराठी घरांत पोचले. इंग्लंडात ‘ऑनर्स’चा अर्थ साध्या पदवीहून वरची पायरी. मात्र अवाढव्य विद्यापीठाच्या पोटात वेगळा ऑनर्स विभाग काढायचा आणि निवडक विद्यार्थ्यांनी त्यात दाखल व्हायचे, ही रीत अमेरिकेत रुजली.

तिचे बीज ऑक्सफर्डचेच. ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर तिथे शिकलेले फ्रँक एडलॉट १९२१ मध्ये पेनसिल्व्हेनियातील स्वॉर्थमोर या लहानशा महाविद्यालयाचे अध्यक्ष झाले. पुढच्याच वर्षी त्यांनी ऑनर्स सुरू केले. शेवटची दोन वर्षे नेहमीच्या तासांऐवजी मोजक्या विद्यार्थ्यांची चर्चासत्रे, आणि अखेरची परीक्षा बाहेरच्या परीक्षकांकडून. त्यामुळे शिक्षक विद्यार्थ्याचा परीक्षक न राहता सोबती झाला.

मोठ्या विद्यापीठांना ही गरज महायुद्धानंतर प्रकर्षाने भासली. १९४४ च्या कायद्याने परतलेल्या सैनिकांना उच्च शिक्षणाची दारे उघडली, वर्ग तुडुंब भरले. मिशिगन स्टेटने १९५६ मध्ये स्वतंत्र ऑनर्स कॉलेज काढले. कोलोरॅडोचे जोसेफ कोहेन यांच्या पुढाकाराने १९५७ मध्ये ऑनर्सचा प्रसार करणारी आंतरविद्यापीठीय समिती उभी राहिली. त्याच ऑक्टोबरात स्पुटनिक आकाशात गेला आणि हुशार मुलांचा प्रश्न राष्ट्रीय सुरक्षेचा ठरला.

पण लोकांच्या करांवर चालणाऱ्या विद्यापीठाने थोड्यांसाठी वेगळी पंगत का मांडावी? हा आक्षेप आजही संपलेला नाही. समर्थकांचे उत्तर असे, की खासगी महाविद्यालयाची फी न परवडणाऱ्या मुलाला तसे शिक्षण इथे मिळते. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. निवडीची चाळणी शाळेतल्या गुणांची असेल, तर चांगल्या शाळेत गेलेलाच पुन्हा पुढे जातो.

आता २०२० च्या शैक्षणिक धोरणाने चार वर्षांची ऑनर्स पदवी आपल्या दाराशी आणली आहे. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के मिळवणाऱ्यांना संशोधनासह ऑनर्सची वाट आहे. नाव आले, वर्षही वाढले. पण एडलॉट यांच्या प्रयोगाचा प्राण होता तो टेबलाभोवती बसलेल्या मूठभर विद्यार्थ्यांत आणि त्यांचे म्हणणे ऐकायला सवड असलेल्या शिक्षकात. ते टेबल मांडले नाही, तर ऑनर्स पुन्हा गुणपत्रिकेवरचा एक शब्दच उरेल.