शिष्यवृत्ती आणि निवारा

उच्चशिक्षणासाठीच्या साहाय्याचा इतिहास लिहिताना रकमा व मुदती सहज हाती लागतात. त्या साहाय्यात काय उणे होते, ते बहुधा आत्मकथनातच सापडते. १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांनी भीमराव आंबेडकरांना दरमहा साडेअकरा पौंडांची, तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली. अट होती दहा वर्षे बडोदा संस्थानात नोकरी करण्याची. म्हणजे शिक्षणानंतरच्या उपजीविकेची तजवीज करारातच होती. याच मुदतीत, ९ मे १९१६ रोजी, कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात आंबेडकरांनी जातिसंस्थेवरील निबंध वाचला. विद्यार्थिदशेतील असा निबंध शतकानंतरही अभ्यासला जावा, हे विरळाच.

मुदतवाढ संपल्यामुळे लंडनचा अभ्यास अर्धवट सोडून १९१७ मध्ये ते बडोद्यास रुजू झाले. नोकरी ठरल्याप्रमाणे मिळाली. राहावयास जागा मिळेना. पारशी उतारगृहात पारशी नावाने काढलेले दिवस लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने संपविले. एक हिंदू आणि एक ख्रिस्ती, अशा दोन्ही स्नेह्यांनी आसरा देण्याचे टाळले. हा वृत्तान्त कराराच्या कागदांत नाही. तो ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या त्यांच्या इंग्रजी आत्मकथनात आहे. कमाठी बागेत काही तास बसून ते रात्रीच्या गाडीने मुंबईस निघाले.